टोन आहे, जोडणी नाही

ग्राहकानं रिसीव्हर उचलावा, टोन ऐकावा आणि नंबर लावावा. याच्यापलीकडं त्याला काही समजून घ्यायची वेळ आली, तर ती सेवा देणाऱ्याची नामुष्की. हे माझ्या मामांचं ठाम मत. ते टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा यांत्रिक स्ट्रोजर एक्स्चेंज होती, आणि निवृत्त झाले तेव्हा खात्याची बीएसएनएल होऊन गेली होती. माझं मत नेमकं उलटं. यंत्रानं आपली प्रत्येक पायरी उघडी ठेवली पाहिजे. बघायची की नाही ते वापरणारा ठरवील.

वादाचं मूळ २००२ मधलं. औरंगाबादला सिडकोतल्या आमच्या घरी असेम्बल केलेला कॉम्प्युटर आला, मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी त्यावर रेड हॅट लिनक्स ७.२ टाकलं आणि टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडायला बसले. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, घरात फायबर आली आहे, पण आमचा वाद मिटलेला नाही. परवा फायबरच्या डब्यावरचा दिवा लाल झाला आणि विषय पुन्हा निघाला. मामांचे मुद्दे माझ्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या क्षेत्रातल्या लोकांनी ऐकायला हवेत असं मला फार वाटतं, म्हणून ते बोलणं इथं लिहून काढते आहे.

“तुझी अख्खी सुट्टी त्या मोडेमपायी गेली,” मामांनी सुरुवात केली. “शेजारच्या पोरानं विंडोज ९८ वर एक आयकॉन दाबला आणि मेल बघितली. त्याचं काय अडलं?”

“चालत होतं तोवर काहीच अडलं नाही. बंद पडलं की मात्र एक चौकट यायची, एरर ६७८, पलीकडून उत्तर नाही. पुन्हा दाबा. तो पुन्हा पुन्हा दाबत बसायचा.”

“मग त्या चौकटीत खोटं काय होतं? ६८० म्हणजे टोन नाही. ६७८ म्हणजे उत्तर नाही. ६९१ म्हणजे नाव नाहीतर पासवर्ड चुकला. आम्हीसुद्धा फॉल्टची अशीच वर्गवारी करायचो. आणि विंडोजमध्ये मोडेमचा लॉग ठेवता येतो, हे तूच मला दाखवलं होतंस.”

“ठेवता यायचा, पण तो आधी चालू करावा लागायचा, आणि असा लॉग असतो हे कुणी सांगायचं नाही. लिनक्समध्ये तो आपोआप लिहिला जायचा.”

“ते पुढचं झालं. मुळात दुकानदारानं दिलेला मोडेम तुझ्या लिनक्सला दिसलाच नाही. विंडोजवर तोच बिनबोभाट चालत होता. तो काढून ठेवून तू वडलांना बाहेरचा महागडा मोडेम आणायला लावलास. यात ग्राहकाचं हित कुठं आलं?”

मामांचा हा मुद्दा एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. त्या काळात घरगुती कॉम्प्युटरमध्ये जे स्वस्त पीसीआय मोडेम बसवून मिळत, त्यांतले बरेचसे निम्मेच मोडेम असत. आकड्यांचा आवाज करायचा आणि आवाजाचे आकडे, हे मोडेमचं खरं काम. ते कार्डावरच्या चिपनं करायचं सोडून कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकललेलं असे, आणि ते करून घेणारा ड्रायव्हर कंपन्या बहुधा फक्त विंडोजसाठी देत. म्हणून त्यांना विनमोडेम म्हणत. पुढं काही चिपसाठी लिनक्सचे ड्रायव्हर निघाले, पण त्यांचा गाभा बंदच असे, आणि कर्नल बदललं की सगळी खटपट नव्यानं करावी लागे. सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम स्वतःच्या पायावर उभा असे. त्याला ‘एटी’ लिहून पाठवलं की तो ‘ओके’ म्हणे, मग हे लिहिणारं विंडोज आहे की लिनक्स याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेममधून ही आज्ञांची पद्धत आली, इतरांनी उचलली आणि ती सर्वांची झाली.

“हित यात आलं मामा, की स्वस्त कार्डात काय नाही ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. खोक्यावर ते लिहिलेलं नव्हतं.”

“कळलं, पण पैसे मोजून कळलं,” मामा म्हणाले. “बरं, बाहेरचा मोडेम आला. तरी लागलं का?”

नाही लागलं. मिनिकॉम नावाच्या प्रोग्राममधून मी मोडेमशी थेट बोलत होते. ‘एटी’ला ‘ओके’ आलं. म्हणजे पोर्ट बरोबर होता, विंडोजचा कॉम-वन तोच लिनक्सचा टीटीवायएस-शून्य, आणि केबलही ठीक होती. ‘एटीडीटी’ लिहून पुढं इंटरनेट सेवेचा १७२ नं सुरू होणारा लोकल कॉलचा नंबर टाकला. मोडेमनं खट् करून लाइन उचलली, स्पीकरमधून टोन स्पष्ट ऐकू आला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ‘नो डायलटोन’.

त्या क्षणी मामा शेजारीच बसले होते, आणि त्यांना भयंकर राग आला. त्यांनी लाइनमनचा तपासणीचा फोन लावून लाइन स्वतः ऐकली. “टोन आहे!” ते म्हणाले. “खरखर नाही, अर्थ नाही, म्हणजे तार कुठं जमिनीला लागलेली नाही, अठ्ठेचाळीस व्होल्ट पुरते येतायत. लाइनला नावं ठेवायची नाहीत.”

“तेव्हा तुम्हीच शोधून काढलंत घोडं कुठं पेंड खातंय ते,” मी परवा त्यांना आठवण करून दिली.

“शोधायचं काय त्यात? आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झनं थरथरणारा. अमेरिकेतला ३५० आणि ४४० असे दोन सूर मिसळून केलेला. त्या मोडेमला त्याच्या मुलखातला टोन ओळखायला शिकवलेलं. आपला टोन त्याला टोन वाटेचना.”

“आणि उपाय एका ओळीचा होता. ‘एटीएक्स३’. टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव, एंगेज आला तर तेवढा सांग. डब्ल्यूव्हीडायल या नंबर फिरवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये ती ओळ घातली आणि मोडेम नंबर लावायला लागला. आता मला सांगा मामा, त्या शेजारच्या मुलाला हीच अडचण आली असती तर? त्याच्या चौकटीत ६८० आला असता. त्यानं १९८ ला तक्रार केली असती. तुमचा लाइनमन आला असता, टोन ऐकला असता आणि ‘लाइन ओके’ लिहून गेला असता. दोघंही खरं बोलणार आणि जोडणी नाहीच.”

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “विंडोजमध्ये त्यासाठी खूण काढायची सोय होती. डायल करण्याआधी टोनची वाट बघा, अशी एक चौकोनी खूण.”

तेही खरंच आहे. मामांशी वाद घालताना हीच पंचाईत होते. त्यांना सांगोवांगीवर भागवता येत नाही.

“सोय होती,” मी म्हणाले, “पण ती काढून टाकल्यावर काय बदललं, हे त्याला कळलं नसतं. मला कळलं. टोन नसणं आणि टोन न ओळखणं यातला फरक मी त्या पडद्यावर पाहिला.”

पुढची अडचण मला आजही शिकवायला उपयोगी पडते. मोडेम लागला, शिट्ट्या झाल्या, ‘कनेक्ट ११५२००’ असं आलं. तो आकडा लाइनच्या वेगाचा नव्हेच; कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या चार बोटं केबलचा तो वेग. लाइनवर ५६ के मोडेमलासुद्धा त्याच्या निम्म्याहून कमी वेग मिळतो. तर कनेक्ट झालं, आणि काही वेळानं लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तुटली. सिस्टिमच्या लॉगमध्ये पीपीपीडी या जोडणी जुळवणाऱ्या प्रोग्रामनं लिहून ठेवलं होतं : एलसीपीच्या कॉन्फिग-रिक्वेस्ट पाठवतोय, उत्तर नाही, वेळ संपली. त्याच्या वर आणखी एक ओळ : सिरियल लाइनवर आपलंच बोलणं आपल्याकडं परत येतंय.

त्या दुसऱ्या ओळीत सगळं होतं. पीपीपी म्हणजे दोन यंत्रांमधला करार. आधी एलसीपीमध्ये पाकिटं केवढी, ओळख कशी पटवायची हे ठरतं, मग नाव-पासवर्ड, मग आयपी पत्ता. पहिल्याच पायरीला आपली पाकिटं जशीच्या तशी परत येत असतील, तर पलीकडं अजून पीपीपी सुरूच झालेलं नाही. तिथं कुणी तरी लॉगिनच्या ओळीवर थांबलं आहे आणि आपण पाठवलेलं अक्षर न् अक्षर परत उमटवतं आहे. मिनिकॉममधून नंबर लावून नुसतं बघत बसले, तर खरोखरच ‘लॉगिन’ असं आलं. नाव दिलं, पासवर्ड दिला, आणि पडद्यावर कचरा सांडायला लागला : लाटेसारखं चिन्ह, महिरपी कंस, पुन्हा लाट. तो कचरा पाहून मला झालेला आनंद अजून आठवतो. पीपीपीचं प्रत्येक पाकीट त्याच लाटेच्या चिन्हानं सुरू होतं. पलीकडचं यंत्र बोलायला लागलं होतं, आणि आता ऐकायला पीपीपीडी हवा होता. नाव आणि पासवर्ड लॉगिनलाच देऊन मग पीपीपीडी सुरू करायचा, एवढाच बदल स्क्रिप्टमध्ये करायचा होता.

नावांचा पत्ता न लागणं वगैरे पुढच्या गोष्टी त्यामानानं किरकोळ. आकड्यांचा पत्ता पिंग होतोय आणि नावानं काही उघडत नाही, तर रिझॉल्व्ह-कॉन्फ या फाइलमध्ये नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसचा पत्ता नाही, हे एव्हाना ओळखता येत होतं.

“हे सगळं ऐकायला छान वाटतं,” मामा म्हणाले, “पण हिशेब अर्धाच सांगतेस. पलीकडच्या मोडेमनं फोन उचलला की आमच्या मीटरवर कॉल पडला. तुझं एलसीपी जमो न जमो. तीन मिनिटांना एक कॉल. तू बघत बसायचीस, लाट आली, कंस आला, आणि इकडं मीटर फिरतोय. तुझे वडील सरकारी नोकरीत होते, बिल भरत होते. ज्याच्या घरी ते भरणारा नाही, त्यानं कामून शिकावं असं? आणि शिकायचं कशावरून? ते सगळे हाऊटू इंग्रजीत.”

“ते सीडीवरच होते मामा. पीपीपी हाऊटू, मोडेम हाऊटू. इंटरनेट जोडण्यासाठी इंटरनेट लागत नव्हतं.”

“सीडीवर होते, इंग्रजीत होते. तू जिल्हा परिषदेच्या शाळेतली असतीस तर? विद्यापीठाच्या आवारात सीईडीटीआय ही इलेक्ट्रॉनिक्सची संस्था होती, रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला इंजिनिअरिंग कॉलेज होतं; तिथल्या पोरांना ते वाचता येत होतं. निराला बाजारातल्या सायबर कॅफेत मेल बघायला येणाऱ्या बाईला? उघडं आहे, उघडं आहे म्हणतेस. दार उघडं आहे आणि उंबरठा कमरेएवढा आहे, त्याचं काय?”

यावर माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट सेवा सुरू केली ती मोठ्या महानगरांतून. ज्या गावात नोड नव्हता तिथल्या माणसाला एसटीडी लावून महानगरातला मोडेम गाठावा लागे. सुरुवातीची स्वस्त खाती नुसत्या अक्षरांची होती, चित्रांशिवाय. मराठवाड्यात लोकल कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली ती नंतर. म्हणजे पैसा, इंग्रजी आणि वेळ असे तीन उंबरठे होते, आणि लिनक्सनं त्यातल्या फक्त पहिल्याचा काही भाग कमी केला. सॉफ्टवेअर फुकट होतं, फोनचं बिल नव्हतं. मामांचा हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मान्य नाही. उंबरठा उंच आहे म्हणून दार बंद ठेवा, हे कसं?

“मामा, स्ट्रोजरमध्ये फॉल्ट कसा शोधायचात?”

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला होता. मामा खुलले. “चालत. कॉल धरून ठेवायला सांगायचं आणि रॅक-रॅकनं त्याच्या मागं मागं जायचं. ग्राहकाचा युनिसिलेक्टर, तिथून ग्रुप सिलेक्टर, मग फायनल. कुठला वायपर कुठल्या पायरीवर उभा आहे ते डोळ्यांनी दिसायचं. दोन वर, पाच आत. एखादा आकडा कमी चढला असेल तर तो सिलेक्टर घाणीनं अडकलाय, साफ करायचा. रात्रीच्या ड्यूटीत मी नुसत्या आवाजावरून सांगायचो कॉल कितवर गेला ते.”

“आणि इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर?”

“कार्ड बदला,” मामा म्हणाले. “दिवा लागला की कार्ड बदला.”

“ते आवडलं तुम्हाला?”

“नाही.”

“म्हणजे पायऱ्या दिसणं तुम्हालाही हवं होतं. तुम्ही फक्त ते आम्हाला नाकारत होतात. ज्या स्ट्रोजरचं नाव घेता, तो मुळात टेलिफोनवाला नव्हताच. कॅन्सस सिटीतला अंत्यविधीचा व्यवसाय करणारा माणूस. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याला जोडून देते असा त्याला संशय होता, असं सांगतात. त्यानं तक्रार नोंदवून वाट बघितली नाही. मधलं माणूसच काढून टाकणारं यंत्र केलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. तुमचं सगळं एक्स्चेंज एका ग्राहकानं नाक खुपसल्यामुळं उभं राहिलं.”

मामा हसले, पण हरले नाहीत. ते पुढं जे बोलले ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

“तू दिसण्याबद्दल बोलतेस, मी जबाबदारीबद्दल बोलतोय. आमच्याकडं टेस्ट डेस्क होतं. तक्रार आली की तिथला माणूस लाइन टेस्टला घ्यायचा. लूप आहे का, अर्थ आहे का, दोन तारा एकमेकींना लागल्यात का, बाहेरचं व्होल्टेज येतंय का. एक्स्चेंजमध्ये बसून कळायचं की दोष आत आहे, केबलमध्ये आहे की ग्राहकाच्या घरात. आणि मग तो माणूस त्या तक्रारीचा धनी. सुटेपर्यंत ती त्याच्या नावावर. पावसाळ्यात जॉइंटमध्ये ओल शिरली की माणसं रात्री खड्ड्यात उतरायची. तुझ्या लॉगनं तुला सगळं दाखवलं, कबूल. पण पलीकडं लॉगिनशी थांबलेलं यंत्र कुणाचं होतं, आणि ते तसं का ठेवलं होतं, हे विचारायला तुझ्याकडं कोण होतं? तू स्वतःच स्वतःची लाइनमन झालीस. आता सगळ्या जगानं तेच केलंय. ॲपमध्ये जा, डबा बंद करून चालू करा, वायर घट्ट करा, फोटो पाठवा. उंटावरून शेळ्या हाकतात. ग्राहकाला काम लावायची ही सवय तुमच्यासारख्या हौशी लोकांनीच लावली.”

हा आरोप मी बराच वेळ मनात घोळवला. त्यात तथ्य आहे, पण त्यांनी दोन उलट्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. लिनक्सनं मला काम लावलं तेव्हा हातात साधनं दिली होती : लॉग, मिनिकॉम, फाइल, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगणारा कागद. आजचा डबा काम लावतो आणि साधन देत नाही. परवाचा लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही, एवढं मला कळलं. पण किती डेसिबल येत होता, कधीपासून कमी होत गेला, हे त्या डब्याला माहीत असूनही त्यानं मला सांगितलं नाही. ही माहिती दाखवणारी डब्याची पानं कुलूपबंद आहेत. ॲप म्हणालं, आपल्या भागात सर्व सुरळीत आहे.

“तुम्ही म्हणता तसा धनी आज कुणीच नाही,” मी म्हणाले. “पण तो परत यायचा कसा? मला रीडिंग दिसलं तर मी म्हणू शकते, अमुक तारखेपासून प्रकाश घटतोय, माझ्या घरातली वायर बदललेली नाही, बाहेर बघा. २००२ मध्ये मी तसंच केलं होतं. पलीकडं फोन करून ‘नेट चालत नाही’ असं म्हणाले नाही. तुमच्याकडं लॉगिन विचारतात, माझं पीपीपी त्याआधी सुरू होतंय, बरोबर ना, असं विचारलं. त्या माणसानं लगेच हो म्हटलं आणि पुढची ओळ सांगितली. रीडिंग हातात नसलेल्या माणसाला कुणी धनी भेटत नाही मामा. त्याला फक्त तक्रार क्रमांक मिळतो.”

“टेस्ट डेस्कला आम्ही ग्राहकाला रीडिंग कधी सांगितलं नाही,” मामा सावकाश म्हणाले.

“का?”

“पद्धत नव्हती. सांगितलं तर वाद घालतील अशी वरिष्ठांना भीती. ‘लाइन ओके’ म्हटलं की विषय संपायचा.” ते थोडं थांबले. “कधी कधी ओके नसायचीही. इन्सुलेशन घसरलेलं असायचं, बोलणं चालायचं, म्हणून ओके. बोलण्यापुरती ओके. तुझ्या मोडेमला ती चालली नसती.”

“मग ते लिहून द्यायला हवं होतं ना?”

“द्यायला हवं होतं,” मामा म्हणाले. “पण नुसते आकडे नाहीत. तुला कळतील, तुझ्या आईला कळणार नाहीत. मराठीत लिहायचं. इन्सुलेशन एवढं, पाहिजे एवढं. लूप एवढा. दोष घरात, खांबावर की केबलमध्ये. आणि खाली तक्रार कुणी बंद केली त्याचं नाव आणि तारीख.”

“नाव कशाला?”

“नाव नसेल तर तुझा लॉगच झाला की तो,” मामा म्हणाले आणि फायबरवाल्यांचा नंबर लावायला फोन मागितला. तिथं माणूस फोनवर आला तेव्हा त्यांनी त्याला आधी नाव विचारलं, आणि मग प्रकाशाचं रीडिंग.